टाकीत उतरायच्या आधी तुळजाजीनं कळवलं होतं का

आमचा तुळजाजी तेलाच्या जहाजावर पंपमन होता. बावीस वर्षं. वर्षातले तीन महिने तंजावूरला, बाकी पाण्यावर. माणूस साधा, पण एका गोष्टीत फार कडक. जहाजाच्या टाकीत उतरलेला कुणी हवा लागून पडला तर टाकीच्या तोंडाशी उभा असलेल्यानं आत उतरायचं नाही. आधी वॉकीटॉकीवर सांगायचं, तिकडून जे म्हणतील ते तसंच परत बोलून दाखवायचं, आणि हवेचा सिलिंडर येईपर्यंत थांबायचं. आतली विषारी हवा डोळ्याला दिसत नाही, म्हणायचा, एकाच्या मागं दुसरा जातो.

घरीपण तेच. बायको, धनलक्ष्मी, आतून म्हणाली, "कॉफी ठेवली," की हा ओरडायचा, "कॉफी ठेवली, कळलं!" ती म्हणायची, "अहो, हे घर आहे की तुमचं कप्पल, जहाज?"

आणि तोच टाकीत उतरून जिवानिशी गेला.

कंपनीच्या कागदात लिहून आलं, न कळवता उतरला. धनलक्ष्मीला तेच लागलं. गेले ते गेले, पण न कळवता? हे? महिनाभर तिचं तेच चाललं होतं, येईल त्याला तेच विचारायची.

मग राममूर्ती आला. तिरुवैयारुचा, आपल्याच लोकांतला. त्याच जहाजावरचा, त्या दिवशी टाकीत पडला होता तो हाच. इस्पितळातून सुटला तो सरळ इकडे. डवऱ्याच्या वाटीतली कॉफी निवून गेली तरी हात लावीना.

"त्यांनी आधी कळवलं होतं का?" धनलक्ष्मीनं विचारलं.

"कळवलं, वहिनी. मला खाली ऐकू येत होतं. तिकडून म्हणाले, थांब, उतरू नको. तुळजाजी म्हणाला, थांबतो, उतरत नाही."

"मग?"

"सिलिंडर येईना. मी हात हलवला. ते त्यानं वरनं बघितलं, नि उतरला. माझ्या कमरेला दोरी बांधली. वरच्यांनी मला ओढलं. तो तिथंच राहिला."

घरात सगळ्यांना वाटलं, आता हिच्या जिवाला जरा बरं वाटेल. धनलक्ष्मी म्हणाली, "हात कशाला हलवलास?"

सासूबाई ओरडल्या, "अगं, काय बोलतीस! दारी आलेला माणूस तो!"

राममूर्तीनं डवरा बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "कागद द्या, वहिनी. कळवलं होतं म्हणून लिहून देतो कंपनीला. नोकरी गेली तर जाऊ दे."

धनलक्ष्मी उठली. बोललेलं मागं घेतलं नाही तिनं. वही आणली, पेन आणलं, त्याच्यापुढं ठेवलं, आणि तो लिहून होईपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.