लिंबाच्या खिळ्यावरचा क्रूस

सन १९८४ साली अंधेरीच्या प्रौढ साक्षरता वर्गात सगुणाबाई माझ्या शेजारी पाटी घेऊन बसत असत. तेथेच आमची ओळख झाली, आणि पुढील हकीकत त्यांनी मला थोडी थोडी करून सांगितली.

सगुणाबाई वेसाव्याच्या कोळीवाड्यातील. धनी वारल्यावर त्या सुकी मासळी विकून पोट भरीत. भिंतीला भिंत लागून धाकटी जाऊ जयंती राहत असे. एके वर्षी सगुणाबाईंच्या बोंबलांत अळ्या पडल्या, जयंतीचे मात्र चांगले निघाले. जयंतीची नजर वाईट, असे सगुणाबाईंच्या मनाने घेतले. दाराला लिंबू-मिरची आली आणि दोघींचे बोलणे बंद झाले.

पुढे सगुणाबाई ख्रिस्ती प्रार्थनासभेला जाऊ लागल्या. तेथील पास्टर शिवदास हे पूर्वी कापडगिरणीत माग चालवणारे साचेवाले होते. माणसाला नव्याने जन्मता येते, हे त्यांचे बोलणे ऐकून सगुणाबाईंना रडू आवरेना. आपणासही नवा जन्म हवा, असा त्यांनी ध्यास घेतला व येत्या रविवारी दर्यात बुडवून होणाऱ्या बाप्तिस्म्यासाठी नाव दिले.

त्या आठवड्यात पास्टर घरी आले ते दारातच थबकले. लिंबाच्या त्याच खिळ्यावर, जयंतीच्या दाराकडे तोंड करून, लाकडी क्रूस टांगलेला होता.

"हा इथे कशाला, आई?"

"जावेची नजर लागू नये म्हणून. लिंबू दर शनिवारी बदलावं लागायचं, हा टिकतो."

पास्टरांना हसू आले, परंतु ते लगेच गंभीर झाले. "आई, क्रूसावरून प्रभूने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. त्यालाच तुम्ही जावेवर राखणीला बसवलंत?"

"मग बाप्तिस्म्याच्या यादीतून माझं नाव काढता काय?"

"मी नाही काढत. पण जुनी सगुणा त्या क्रूसापाशी मेली नाही, तर नवी जन्मणार कुठून? नुसत्या पाण्याने लुगडं तेवढं भिजेल."

सगुणाबाईंना फार राग आला. जुनी सगुणा होती म्हणून तर हे घर उभे राहिले! परंतु प्रार्थनेला बसल्या की तोंडातून शब्द फुटेना. त्या वर्षी बाजाराच्या घाईत आपणच बोंबील अर्धवट वाळलेले उचलले होते, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. जयंतीची नजर खोटी म्हटली, तर चूक आपल्याच पदरात येत होती.

शनिवारी दुपारी त्यांनी क्रूस उतरवला, आणि तो हातात धरूनच त्या जयंतीच्या दारी गेल्या. जयंती जवळा निवडत बसली होती.

"काय गो, आज माझी नजर नाय लागत?"

"कधीच नव्हती लागली. बोंबील मीच ओले उचलले होते."

जयंतीने जवळ्याचे सूप खाली ठेवले. ती म्हणाली, "आता मलापण त्या पाण्यात बुडवायला आलीस काय?"

"नाय गो," सगुणाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी मी दर्यातून वर येईन, तेव्हा माझं कोरडं लुगडं धरून काठावर उभी राहशील?"