सात आठे

नववीच्या वर्गात मी फळ्यावर समीकरण लिहिलं, एक्स भागिले आठ बरोबर सात, आणि स्वातीला उभं केलं. "आठ पलीकडे नेला की गुणिले होतो, बाई," ती म्हणाली. अगदी बरोबर. "मग सात आठे किती?" इथं मात्र गाडी अडली. तिचे ओठ हलू लागले. सात एके सात, सात दुणे चौदा...

अनोळखी एक्सची तिला भीती नाही. तिला अडवतो तो लहानपणापासून ओळखीचा सात. पाढा एका सुरात, वरून खाली म्हणायचा, एवढंच आम्ही शिकवलं. मधला आकडा सुटा मागितला की मूल पुन्हा वर जाऊन उभं राहतं. दर जूनला मी म्हणते, पहिला महिना नुसते पाढे आणि अपूर्णांक घेऊ. "मग पोर्शन कधी संपवणार?" मुख्याध्यापक विचारतात, आणि मी निमूट समीकरणं काढते. नुसता वैताग!

स्वाती सात पाचे पस्तीसपर्यंत पोचली होती.

"अगं, आटप लवकर!" मी ओरडले.

ती दचकली. ओठ क्षणभर थांबले, आणि पुन्हा हलू लागले. सात एके सात.