रविवारचे फोटोवाले आणि माझी फजिती

धुतलेले कपडे घड्या न घालता खुर्चीवर टाकत गेलं की एक दिवस खुर्चीच दिसेनाशी होते. आमच्या रविवारच्या फोटोग्रुपमधल्या माझ्या फजित्यांचं तसंच झालंय. म्हणून आज बसले घड्या घालायला.

घरची अट एकच. आरोहीचे पप्पा म्हणाले होते, "जा फोटो काढायला, पण पोरीचा हात सुटला तर दुसऱ्या रविवारपासून बंद." आरोही चार वर्षांची. मी सातवी शिकलेली, नेवाशाजवळच्या खेड्यातली. आता नगरला सावेडीत दोन खोल्यांत राहतो. आठवड्यातले ते दोन तास सोडले तर माझं असं काही नाही. पोटची पोर असताना असं लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

*

ग्रुपमध्ये शिरले तीच खोटं बोलून. आरोहीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला इरफानभाईंच्या दुकानात गेले होते. मोबाईलमधला तिचा फोटो बघून त्यांनी विचारलं, हा काढला कुणी? एवढ्या कौतुकानं कुणी विचारलं की माझी जीभच वळत नाही. म्हणाले, "हिच्या पप्पांनी."

भाईंनी लगेच यांचा नंबर ग्रुपात टाकला. आठवडाभर शाबासक्या यांच्या मोबाईलवर येत होत्या. शेवटी यांनीच लिहून टाकलं, "मला फोन उचलता येतो तेवढाच. फोटो बायको काढते."

*

फिरून झालं की दिल्ली गेटजवळ चहा. तिथं प्रत्येकानं आपला एक फोटो उघडून मोबाईल सगळ्यांत फिरवायचा, अशी पद्धत आहे. माझा पहिलाच रविवार. गायकवाड सर, म्हणजे भिंगारचे रिटायर झालेले चित्रकलेचे सर, माझा फोटो बघत होते आणि त्यांचं बोट सरकलं.

पुढचा फोटो आरोहीच्या शीचा होता. तिचं पोट बिघडलेलं, डॉक्टरांना दाखवायला काढला होता. मला तशी सवयच आहे. पुरळ, जीभ, घसा, शी, सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये असतात.

सरांनी चष्मा लावला. बोटांनी मोठा करून बघितला. म्हणाले, "वा, मातीचा पोत काय आलाय. कुठलं शेत हे?"

मी म्हणाले, "माहेरचं."

*

बाकीच्यांच्या पिशवीत लेन्सा असतात. माझ्या पिशवीत स्वेटर, थर्मामीटर, मीठ-साखरेच्या पुड्या आणि जादाच्या चड्ड्या. एकदा डोंगरावर चांदबिबीच्या महालापाशी गेलो होतो. इरफानभाईंच्या कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली, त्यांनी फडकं मागितलं. माझ्याकडं फडकं नाही असं होतच नाही. काढून दिलं. त्याच फडक्यानं सकाळी मी आरोहीच्या छातीवरचा बाम पुसला होता, हे आठवलं ते खाली उतरल्यावर.

भाईंचे फोटो बघून सर म्हणाले, "मे महिन्यात नगरला एवढं धुकं?"

भाई चहाचा घोट घेत म्हणाले, "ताईंनी पाडलं."

*

माझे फोटो सारखे तिरके यायचे. सरांनी दोन रविवार खर्चून मला मोबाईल सरळ धरायला शिकवला. कोपर पोटाशी लाव, श्वास रोख. तरी तिरकेच. शेवटी मार्था मॅडमच्या लक्षात आलं. त्या नर्सिंग शिकवतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. माझ्या ओढणीचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलेलं आणि दुसरं आरोहीच्या फ्रॉकच्या पट्ट्याला. पोरगी ओढायची आणि फोटो कलायचा.

मॅडम म्हणाल्या, "अगं मनीषा, मुलगी आहे का शेळी?"

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन आरोहीच्या कमरेला पट्ट्याचा वळ बघितला आणि मोरीत जाऊन रडले. तिथून पुढं गाठ मारायची नाही, असं ठरवलं.

*

पुढच्याच रविवारी कापड बाजारात गेलो; सर थेट चहालाच येणार होते. सकाळची वेळ, शटरं अजून बंद. एक दुकानदार साड्या नेसवायच्या पुतळ्यांना पायरीवर बसवून साबण लावून अंघोळ घालत होता. एकीच्या तोंडावर तांब्या, दुसरीचं डोकं चोळतोय, अगदी लेकरांना घालावी तशी. मी हरखले. वाकून काढले, बसून काढले, उजेड सरकायची वाट बघून काढले. आरोहीचा हात कधी सोडला ते मला आजही सांगता येत नाही.

मागं वळले तर आरोही नाही.

मी हाका मारत सुटले. मार्था मॅडम एका गल्लीत पळाल्या, भाई दुसऱ्या. भाईंना सापडली. केळीवाल्या मावशीच्या टोपलीपाशी बसून केळं खात होती. मी पोचले तशी मावशी मला खालपासून वर बघत म्हणाली, "मी इचारलं हिला, आय कुठं हाय गं? तर म्हनली, आय कामात हाय."

पोरीला ओढणीत गच्च गुंडाळली आणि चहाला गेले. पाय चालत होते म्हणून गेले. फोटो दाखवायचा नाही असं मनात होतं, पण आरोहीनंच माझा मोबाईल सरांच्या हातात दिला.

सरांनी चष्मा लावून फोटो बोटांनी मोठा केला. मग म्हणाले, "मनीषा, आजवरचा तुझा सगळ्यात चांगला फोटो. पुतळे राहू दे. मागं गल्लीच्या तोंडाशी बघा, कुणाची तरी पिवळ्या फ्रॉकमधली पोर. एवढीशी, पण हात कसा वर केलाय. तिच्यामुळं फोटोत जीव आला. किती वेळ थांबलीस गं तिच्यासाठी?"

मोबाईल भाईंकडं गेला, मॅडमकडं गेला. मॅडमनी फोटो बघितला, मग माझ्या मांडीवरच्या ओढणीकडं बघितलं आणि मोबाईल खाली ठेवला.

ओढणीतून हात बाहेर काढून आरोहीनं फोटोवर बोट ठेवलं. म्हणाली, "सर, ही मी आहे. मी आईला टाटा करत होते."