नारळ फोडला म्हणून तपासणी संपली का?

बायांनो, बोलणारी मी, लिहिणारी नात. अक्षर तिचं, डोकं माझं.

आज अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती. माझ्या धाकट्या सुनेची मागं एकदा झाली, काही निघालं न्हाई. नर्सबाई तवाच म्हणल्या होत्या, काही वर्सांनी परत यायचं. आज बोलावलं, तर ही जागची हालंना.

"आत्या, तवा नवस बोलले होते. चांगलं निघालं, देवीला नारळ फोडला. आता परत तपासलं तर देवीवर भरोसा न्हाई असं हुईल."

मी म्हणलं, "ओटी एकदाच भरलीस का गं? दरसाल भरतीस. देवी रुसती का, परत कशाला आलीस म्हणून?"

हसली लई. पण हसता हसता एसटी गेली.

तवापासून मी अंगणात येरझारा घालून राहिले, आन् ही निवांत शेंगा फोडून राहिली. म्हणते, दुखत न्हाई ना काही. दुखायची वाट बघायची असती का?

आता सोमवारी परत तपासणी हाय. तुमच्या घरातली अशी अडून बसली, तर काय बोलून उठवलीत? सोमवारच्या आत सांगा, माझं बोलणं आज संपलं.