कायद्याची पाटी

कुंडलला आमच्या शेजारी एक रिटायर्ड सुभेदार राहतात. नेटवरून फुकट उतरवलेली मालिका ते रोज सगळ्या गल्लीला टीव्हीवर दाखवतात. सुरुवातीला ‘विनापरवाना कॉपी करणे गुन्हा आहे’ अशी पाटी येते. ती कुणी पुढं ढकलली की सुभेदार खवळतात.

“कायदा हाय त्यो. आधी वाचायचा.”

मी एकदा म्हटलं, “आवं, मग डाउनलोड कशापायी करता?”

“केलं ते केलं. पण म्हाईत नव्हतं, असं म्हणायचं न्हाई.”

परवाच्या भागाला पाटीच नव्हती. आम्ही हरखलो. सुभेदारांनी टीव्ही थांबवला, डोक्यावर टोपी चढवली आणि सावधानमध्ये उभं राहून अख्खी पाटी तोंडपाठ म्हटली, शिक्षेसकट. हसू दाबत आम्हीही उभे राहिलो.

मग ते खुर्चीत टेकले आणि मला म्हणाले, “हां, आता लाव चोरीचा माल.”