नऊ घरांचे मिटलेले डोळे

माझ्या वहीत दोन रकाने होते. डावीकडे ‘मी काय देऊ शकतो’, उजवीकडे ‘मला काय हवं आहे’. ही वही पिशवीत घालून मी दोन वर्षं महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांमधून हिंडलो. मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस दुसरं काय करणार, असं लोकांना वाटत असावं. खरं कारण वेगळं होतं.

माझी पत्नी आजारी असताना शेजारच्या गल्लीतली एक बाई, जिच्याशी आमचं नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं, रोज दुपारी येऊन तिच्याजवळ बसायची, म्हणजे मला तासभर झोप मिळे. पत्नी गेली. मग मी त्या बाईकडे गेलो आणि म्हणालो, तुमच्यासाठी काही करू द्या. ती म्हणाली, मला काही नको. तेव्हापासून तिचे ते तास माझ्याजवळ पडून राहिले. पुढे कुठेतरी वेळ बँकेबद्दल वाचलं. कुणाला एक तास मदत करा, तुम्हाला एक तास मदत मिळेल, आणि ती त्याच माणसाकडून मिळायला हवी असं नाही. शिवाय डॉक्टरचा तास आणि गवत कापणाऱ्या बाईचा तास सारखाच. पुस्तकातल्या गोष्टीवर मी सहसा लगेच विश्वास ठेवत नाही. यावर ठेवला.

वरंधला एक शिंपी यादीत आला, बिरवाडीत खोली घेऊन राहणारे तीन-चार कामगार आले. सव गावी गरम पाण्याच्या कुंडांवर गुडघे शेकायला येणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये एक निवृत्त परिचारिका भेटली, तीही आली. मग मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत गेलो. एसटी खालीच थांबते. पुढे पाऊण तासाचा चढ. दहा घरं, आणि बहुतेक घरांतली तरुण माणसं मुंबईत.

देवळाच्या पडवीत सगळे जमले. मी वेळ बँक समजावून सांगितली, वही उघडली आणि पहिल्या बाईला विचारलं, “तुम्हाला काय काय येतं?”

“आमाला काय येतंय गुरुजी? काय नाय.”

दुसरीनेही तेच सांगितलं, तिसऱ्यानेही. डावा रकाना कोराच. मी वही मिटणार एवढ्यात पहिली बाई शेजारणीला कोपर मारून म्हणाली, “हिला इचारा की. ही अडलेली शेळी सोडवते.”

“गप गो! आनि तुजं काय? गुरुजी, हिच्यावानी कौलं चाळणारा बाप्या पन नाय.”

मग मात्र पडवीभर गलका झाला. स्वतःबद्दल कुणी अक्षर काढेना, पण शेजाऱ्याचं सगळं माहीत. मुंबईत तीस वर्षं एका इमारतीत लिफ्ट चालवून परत आलेला एक काका होता. त्याच्याबद्दल एक म्हातारी म्हणाली, “ह्याला काय येत नाय, पन घड्याळ कळतंय. लिवा.” काका म्हणाला, “बघा साहेब, रिस्पेक्टच नाय.”

उजवा रकाना मात्र कुणी भरेना. ‘मला हवं आहे’ असं चारचौघांत म्हणणं त्यांना अवघड वाटत होतं, आणि ते मला समजत होतं. शेवटी तीच म्हातारी, काकाचं घड्याळ लिहायला लावणारी, तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवून म्हणाली, “लिवा गुरुजी. मला डोळा पायजे.”

तिचा एक डोळा गेलेला होता. मोतीबिंदू काढून आणला होता, पण घरी एकटी. मुलाला मुंबईतून दोन दिवसांपलीकडे रजा नाही. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसली, थेंब कुणी घातले नाहीत, आणि डोळ्यात पू झाला. आता दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकला होता. त्यातून तिला फक्त उजेड आणि सावली कळे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की महिनाभर दिवसातून सहा वेळा थेंब घालणारं कुणी असेल तरच शस्त्रक्रिया करू. नसेल तर नको. हा डोळाही बिघडला तर पुढे काहीच नाही. म्हणून ती वर्षभर गप्प बसून होती.

मी वहीत लिहिलं, आणि आता हे पुस्तकातलं राहिलं नव्हतं.

बिरवाडीच्या एका कामगाराने सुट्टीच्या दिवशी भावाची रिक्षा आणली. चढावरून म्हातारीला खुर्चीत बसवून खाली आणलं. महाडच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया नीट झाली. सवच्या परिचारिकेने वाडीत येऊन थेंब कसे घालायचे ते सगळ्यांना शिकवलं: साबणाने हात, खालची पापणी ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, मग पाच मिनिटं डोळा मिटून. मी दोन दिवस खपून एक तक्ता केला. सहा वेळा, तिचं सोडून नऊ घरं, प्रत्येकाची पाळी. वाचता न येणाऱ्यांसाठी घरांच्या खुणा काढल्या: विहीर, फणस, बैलगाडीचं मोडकं चाक. तक्ता तिच्या भिंतीवर लावला आणि मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

पहिल्या सकाळी सात वाजता फणसाच्या घराची पाळी होती. सात वाजता नऊच्या नऊ घरं हजर झाली.

मी तिथेच होतो. दाराशी गर्दी, अंगणातून धूळ, कुणी भाकरी आणलेली, कुणी नुसतंच बघायला आलेलं. माझ्या डोळ्यांपुढे पुढचा सगळा महिना उभा राहिला. उत्साह चार दिवस टिकेल, मग प्रत्येकाला वाटेल दुसरा कुणी गेला असेल, आणि एका दुपारी कुणीच येणार नाही. मी आवाज चढवला. वर्गातही मी फारसा चढवला नव्हता. “एकाने यायचं! एकाच घराने! तक्ता कशाला लावलाय?”

मग शेळ्या सोडवणारी बाई शांतपणे म्हणाली, “गुरुजी, लावणीला एकटं कोन जातं?”

मला कळलं नाही, हे बघून तिने मला पोराला सांगावं तसं सांगितलं. सावड म्हणजे काय? आज हिच्या शेतात सगळी वाडी, उद्या तिच्या. जिच्या घरात माणूस नाय तिचं शेत काय पडीक ठेवायचं? तिचंबी सगळे मिळून लावतात. ती भाकरी देईल, नायतर पोरं सांभाळेल. “आता हिच्या डोळ्याची पाळी हाय. डोळा हाय म्हनून काय झालं?”

“पण काम तर पाच मिनिटांचं आहे,” मी म्हणालो.

“मग पाच मिनटं येऊ.”

मी एवढंच कबूल करून घेतलं की हात लावणारा एकच असेल आणि बाकीचे ओट्यावर बसतील. मग खाली उतरलो. एसटीत बसल्यावर वाटलं, तिचा डोळा मीच घालवला. थेंब चुकणार नाहीत असा शब्द डॉक्टरांना मीच दिला होता.

सात दिवस मी कसाबसा काढला. आठव्या दिवशी न कळवता गेलो, मुद्दाम दुपारची वेळ गाठून, कारण चुकेल तर दुपारचाच थेंब चुकेल. भात कापून झालं होतं. खाचरांतून वाल वर आला होता. मी चढाच्या शेवटच्या वळणावर दम खात थांबलो असताना वरून लिफ्टवाल्या काकाची आरोळी आली, “एक वाजलाऽ होऽ!” आणि मी पाहिलं. विहिरीकडून एक बाई निघाली. वालाच्या खाचरातून दोघं. उताराच्या गवतातून एक, डोक्यावरचा भारा तिथेच टाकून. सगळ्या दिशांनी माणसं त्या एका घराकडे चालली होती, घाई न करता, जेवायला घरी जावं तशी.

मी पोहोचलो तेव्हा आत फणसाच्या घरची सून साबणाने हात धूत होती. बाकीचे ओट्यावर बसले होते. कुणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. थेंब पडला. म्हातारीने डोळा मिटला. आणि ओट्यावरच्या सगळ्यांनी, त्या काकानेसुद्धा, डोळे मिटले.

मी शेजारच्या बाईला हळूच विचारलं, हे कशाला?

डोळे न उघडता ती म्हणाली, “ती काय एकटी बसंल काळोखात?”

मी खाली बसलो आणि डोळे मिटले. दूर कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा. कौलांवर काहीतरी खरखरलं. माझ्या दोन्ही बाजूंना श्वास चालले होते, कष्टाच्या माणसांचे, चालून आलेले, हळूहळू शांत होत जाणारे. पत्नीच्या शेवटच्या दिवसांत तिचे डोळे मिटलेले असत आणि मी उशाशी पुस्तक घेऊन जागा राही. मी जागा आहे म्हणजे तिच्यासोबत आहे, असं मी समजत होतो. आपणही डोळे मिटून बसावं, हे मला सुचलं नव्हतं. त्या ओट्यावर मला प्रथमच ते सुचलं, आणि मी इतका लहान झालो की बरं वाटलं.

“झाली पाच मिनटं,” काका म्हणाला. सगळे उठले, आपापल्या कामाला गेले. भिंतीवर माझा तक्ता तसाच होता. त्याच्या खिळ्याला कुणीतरी थेंबांची पिशवी टांगली होती.

महिना झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला भिंतीवरची अक्षरं दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बोटं दाखवली. तीन. चार. एक. तिने सगळी बरोबर सांगितली आणि मग कंटाळून म्हणाली, “मला मानसं दाखवा की.”

ती माझ्याकडे वळली. त्या दिवसापर्यंत तिने मला नीट असं पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. बराच वेळ बघत राहिली.

“मला वाटलं तुमी लय म्हातारं असाल,” ती म्हणाली. “आवाज तसा हाय.” मग, “घरी कोन हाय?”

“कोणी नाही.”

“वहीत तुमच्या नावापुढं काय लिवलंय?”

मी वही तिच्यापुढे धरली, वाचता येत नसलं तरी. उजवा रकाना कोरा होता हे तिला दिसलं. तिने तो कोरा कागद बोटाने चाचपला.

“तुमची पाळी कवा?”

“मला काही नको,” मी म्हणालो, आणि म्हणताना मला त्या शेजारच्या गल्लीतल्या बाईचा आवाज ऐकू आला.

म्हातारीने ते ऐकलंच नाही असं दाखवलं. बरोबर आलेल्या बायांना म्हणाली, “गुरुजींचं घर कुठं हाय, बगून ठेवा गो.” मग मला, “नऊ जनं बसतील येवढा ओटा हाय का?”

“आहे,” मी म्हणालो. पत्नी गेल्यापासून त्याच्यावर कुणी बसलेलं नव्हतं, हे सांगितलं नाही.

त्यांना स्टँडवर एसटीत बसवून मी घरी आलो. आधी केरसुणी शोधली.