स्किप ऑल

सोनू, मावशीचं ऐक जरा. हाताशी असतीस तर कानच पिळला असता. काल पाठवलेल्या झिपमध्ये पुन्हा तुझ्या आवाजाच्या फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह? माझ्या विंडोजवर उघडत नाही ते, किती वेळा सांगू? con हे नावही विंडोजला चालत नाही. एसटीतल्या राखीव सीटसारखं त्यानं ते स्वतःसाठी ठेवलंय. लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमला मात्र दोन्ही चालतं.

वंदनाचं तुला सांगायचं राहिलं. ती शिक्षिका. सेलूत माझ्या टायपिंग सेंटरवर पेनड्राइव्ह घेऊन आली, सोबत भाऊ प्रवीण. आईचं घशाचं ऑपरेशन झालेलं, स्वरपेटीच काढलेली. त्याआधी वंदनानं शाळेच्या लॅपटॉपवर आईचं रोजचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. आई बोलली तेच फाइलचं नाव. लॅपटॉपमध्ये लिनक्स.

"काकू, हे माह्या मोबाइलमध्ये टाकून द्या."

मी उघडलं. 'पाणी पी'. 'पोचली की फोन कर'. आणखी दोन-चार, बस.

"बाकीचं कुठं गेलं वो? 'जेवली का?' होतं, 'कधी येतं?' होतं. आई तर सारं विचारतच राहे."

मी प्रवीणकडे वळले. "कॉपी करताना स्क्रीनवर काही आलतं का?"

"आलतं ना. घडीघडी येऊन राह्यलं होतं. मी स्किप ऑल केलं."

स्किप ऑल म्हणजे अडेल ते सोडून पुढे जा. पेनड्राइव्हलाही विंडोजचाच नियम. प्रश्नचिन्ह दिसलं की फाइल बाहेर.

"लॅपटॉप आणा."

"वापस केला, काकू," वंदना म्हणाली. "शाळेनं फॉरमॅट करून दुसऱ्या मॅडमले देला."

तरी मागवून घेतला. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. जुन्यावर नवी सिस्टिम बसलेली. तुकडे निघाले, वाजले नाहीत.

"मले काय माहीत होतं, काकू," प्रवीण म्हणाला. त्याला कोण काय बोलणार?

पेनड्राइव्हवर शेवटी एक फाइल होती, 'झोपली नाई का अजून'. घाईत वंदना प्रश्नचिन्ह द्यायला विसरली होती. आईचं तेवढं एकच विचारणं उरलं. मी लावलं, तर वंदना सवयीनं बोलून गेली, "झोपतो वो आई."

मी माऊस उगाच हलवत बसले.

तेव्हापासून कॉपी झाली की दोन्हीकडच्या फायली मोजल्याशिवाय मी मूळ माल पुसू देत नाही. शहाणपण चांगलं आहे, वंदनाच्या कामी आलं नाही.

आणि तू आता फायली पाठवणं पुरे कर. 'मावशी, काय करून राह्यली?' हे मला समोर बसून ऐकायचंय. लवकर येजो.